बाकी मासे मजेत

परवा शनिवारी सकाळी साडेसातला मी आमच्या परसातल्या तळ्यात गुडघ्याच्या वर पाण्यात उभा होतो. हवा ४ अंश, पाणी ११. पायात शेजाऱ्याचे उसने रबरी बूट. त्यातल्या डाव्याला भोक आहे हे पाण्यात उतरल्यावर कळलं. हातात जाळं, काठावर दोन बादल्या, आणि बादल्यांशेजारी पांघरूण गुंडाळून बसलेली आमची लेक, मोजणी-अधिकारी म्हणून. "बाबा, सहा झाले. मुकादम राहिला." स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको चहाचा कप घेऊन हे सगळं बघत होती. हा माणूस दिवसा लोकांना सिस्टिम डिझाइन शिकवतो, असा काहीसा भाव तिच्या चेहऱ्यावर होता.

तर मंडळी, ऑक्टोबर आला. मिनियापोलिसच्या आसपास राहणाऱ्या माणसाला या महिन्यात बरीच कामं असतात. पानं गोळा करा, बागेतल्या नळाचं पाणी बंद करा, गाडीत फावडं टाका. आमच्याकडे त्यात आणखी एक: मासे आत घ्या.

हे तळं माझं नाही. म्हणजे कागदोपत्री माझं आहे, पण ते बाबांचं. २०२२ च्या मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. सातारच्या माणसाला इथे आठ दिवस बरं वाटतं. मॉल बघून होतात, मंदिर होतं, शेजारच्या गावातल्या मराठी मंडळींकडे जेवणं होतात. नवव्या दिवशी बाबा खिडकीत उभे राहून म्हणाले, "अरे, ही मागची जमीन नुसतीच पडलीय?" बाबा पाटबंधारे खात्यात अभियंता होते. तीस-बत्तीस वर्षं कालवे, चाऱ्या आणि गेजचे आकडे यांत गेलेली. रिकामी जमीन दिसली की त्यांना त्यात पाणी दिसतं.

इथे खणायच्या आधी एका नंबरावर फोन करावा लागतो. मग लोक येऊन गॅसची आणि विजेची लाईन कुठून जाते ते रंगाने आखून देतात, फुकट. बाबांना ही गोष्ट फारच आवडली. "आमच्याकडे हे असतं तर निम्मे वाद वाचले असते." मग आम्ही दोघांनी जून महिनाभर शनिवार-रविवार खणलं. आठ फूट बाय सहा फूट, लंबगोल, कडेला पायऱ्या. आमच्या गावात दोन फुटांपेक्षा खोल पाणी असेल तर त्याला पोहण्याच्या तलावाचा नियम लागतो, म्हणजे चारी बाजूंनी कुंपण घाला. कुंपणाचा खर्च ऐकून आम्ही बरोबर दोन फुटांवर थांबलो. वर रबराचं जाड कापड अंथरलं. बाबा त्याला शेवटपर्यंत 'शेततळ्याचा कागद' म्हणत राहिले. पाणी बसलं सुमारे ४०० गॅलन, म्हणजे १५०० लिटर. त्यात सात गोल्डफिश सोडले. सगळ्यात दांडगा होता, नारिंगी अंगाचा आणि शेपटीच्या टोकाला पांढरा, तो सगळ्यांच्या पुढे पुढे करायचा म्हणून बाबांनी त्याचं नाव ठेवलं मुकादम.

आता तुम्ही म्हणाल, मासे ते मासे, राहू दे की बाहेर. इथले तलाव गोठतात, त्यातले मासे काय घरी जातात? प्रश्न बरोबर आहे. पाण्याची एक गंमत आहे. ते ४ अंशांना सगळ्यात जड असतं. त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर येतं, आणि बर्फ धरतो तो वरून. खोल तळ्यात वर बर्फाचं झाकण आणि खाली ४ अंशांचं पाणी, अशी सोय निसर्गानेच केलेली आहे. गोल्डफिश त्यात निवांत पडून राहतो. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला हा मासा, पण थंडीला फार चिवट. ऑक्सिजन संपत आला तर शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं तो अल्कोहोल बनवतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडून देतो. हे त्याला नेमकं कसं जमतं, ते २०१७ मध्ये ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी शोधून काढलं. थोडक्यात, हिवाळा अगदीच असह्य झाला तर मासा घरच्या घरी गाळतो. मिनेसोटात राहणाऱ्या बऱ्याच द्विपाद प्राण्यांचा उपायही फारसा वेगळा नाही.

पण हे खोल तळ्यात. इथल्या बांधकामाच्या नियमात दक्षिण मिनेसोटासाठी पाया ४२ इंच खाली न्यावा लागतो, कारण जमीन तिथपर्यंत गोठू शकते असं धरतात. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसमध्ये उणे ३३ अंश सेल्सियस झालं होतं. आणि आमचं तळं चोवीस इंच. कुंपणाचे पैसे वाचवल्याची ही किंमत. अशा तळ्यात मासे ठेवायचे तर हीटर लावून बर्फात एक भोक कायम उघडं ठेवावं लागतं, आणि तरी एखाद्या कडक आठवड्यात खात्री नाही. म्हणून आत घ्यायचे.

शेजाऱ्याने सोपा मार्ग सुचवला होता, "पलीकडच्या तलावात सोडून दे." तो मात्र अजिबात करू नका. २०२१ च्या जुलैत इथल्या बर्न्सव्हिल गावाने फोटो टाकून लोकांना हात जोडले होते. केलर तलावात फुटबॉलएवढे गोल्डफिश सापडले होते, सगळे कुणीतरी 'प्रेमाने' सोडलेल्यांचे वंशज. ते तळ उकरतात, पाणी गढूळ करतात, आणि बाकीच्यांचं जगणं मुश्किल करतात. मिनेसोटात गोल्डफिश पाळायला परवानगी आहे, सोडायला नाही.

असो. नमनाला घडाभर तेल झालं. आता गुन्ह्याकडे येतो.

२०२२ च्या ऑक्टोबरच्या मध्याला आई-बाबा परत गेले. विमानतळावर बाबांनी शेवटची सूचना दिली, "मासे वेळेत आत घे." मी म्हटलं, हो हो. मग एक रिलीज आला, मग दुसरा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तळ्यावर पापुद्र्यासारखा बर्फ दिसला आणि माझी धांदल उडाली. संध्याकाळी दुकानात जाऊन चाळीस गॅलनची काचेची टाकी, नवा कोरा फिल्टर, रंगीत खडे, सगळं आणलं. टाकी नळाच्या पाण्याने भरली. बाबा फोनवर म्हणाले, "पाणी रात्रभर उघडं ठेव, क्लोरीन उडून जाईल." ठेवलं. दुसऱ्या दिवशी ५ अंशांच्या पाण्यातले मासे उचलून दिवाणखान्यातल्या २० अंशांच्या पाण्यात सोडले. बिचारे थंडीतून आलेत म्हणून वर भरपूर खायलाही घातलं.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना सांगायला नको. टेस्टिंग न करता, शुक्रवारी संध्याकाळी, थेट प्रॉडक्शनवर.

चौथ्या दिवशी एक गेला. दहाव्या दिवसापर्यंत चार. लेक तेव्हा सहा वर्षांची. तिने चौघांनाही अंगणात पुरलं, प्रत्येकावर एक खडा ठेवला आणि मला विचारलं, "आपण त्यांना वाचवायलाच आत आणलं होतं ना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

काय चुकलं ते नंतर वाचून कळलं. आमच्या गावच्या नळाच्या पाण्यात साधं क्लोरीन नसतं, क्लोरामाइन असतं. ते रात्रभर उघडं ठेवून उडून जात नाही, त्याला औषध घालावं लागतं. बाबांचा सल्ला बरोबर होता, फक्त पाणी वेगळं होतं. दुसरी चूक त्याहून मोठी. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. तळ्यात दगडांवर, कापडावर, फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची वस्ती असते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं बऱ्यापैकी सुसह्य. नव्या कोऱ्या टाकीत ही वस्तीच नसते, ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे स्वतःच्याच विषात पोहत असतात, आणि पाणी मात्र दिसायला स्फटिकासारखं स्वच्छ. तिसरी चूक, एका झटक्यात पंधरा अंशांचा फरक.

त्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "मासे कसे आहेत?"

मी म्हटलं, "मजेत."

पुढचे सहा महिने दर रविवारी हा प्रश्न आला आणि दर रविवारी हेच उत्तर गेलं. बाबांना वाईट वाटेल म्हणून लपवलं, असं मी स्वतःला सांगायचो. खरं सांगायचं तर मला वाईट दिसायचं नव्हतं. चाळिशीच्या माणसाला बापासमोर सात मासे सांभाळता आले नाहीत, हे कबूल करायचं नव्हतं.

२०२३ च्या मे महिन्यात ते परत येणार, त्याच्या आधीच्या आठवड्यात मी चार दुकानं हिंडून बरोबर तेवढ्याच आकाराचे, साधारण त्याच रंगाचे चार गोल्डफिश आणले. लेकीला सामील करून घ्यायची इच्छा नव्हती, पण तिने बघितलंच. ती काही बोलली नाही, फक्त अंगणातल्या चार खड्यांकडे एकदा बघितलं.

बाबा आले. जेट लॅग वगैरे काही नाही, सकाळी सहाला तळ्याच्या काठी खुर्ची. तीन दिवस नुसते बघत बसले. चौथ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "यातले तीनच आपले आहेत."

माझा चहा घशात अडकला. बाबांनी खिशातून छोटी डायरी काढली. मागच्या वर्षी त्यांनी सातही माशांची चित्रं काढून ठेवली होती, कुणाच्या शेपटीला पांढरं, कुणाच्या पाठीवर ठिपका, कुणाचा उजवा पर किंचित फाटलेला. खात्यात असताना एम.बी. लिहायची सवय. एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक, कामाच्या मोजमापाची वही. त्यात एकदा लिहिलेला आकडा खोडता येत नाही. चुकला तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचा आणि सही करायची, म्हणजे चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही.

मी सगळं सांगितलं. आई मध्ये पडायला बघत होती, पण बाबा रागावलेच नाहीत. ते जास्त अवघड होतं. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "मेले त्याचं काही नाही. मी सल्ला दिला होता, तो चुकीचा निघाला. तू सांगितलं असतंस तर मला निदान कळलं असतं. सहा महिने मी लोकांना सांगत फिरलो की पाणी रात्रभर ठेवा."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून काम नीट केलं. तेच आजवर चालू आहे, म्हणून कुणाला उपयोगी पडलं तर लिहून ठेवतो. काचेची टाकी बाद. शेतीच्या सामानाच्या दुकानात गुरांना पाणी पाजायचे प्लॅस्टिकचे हौद मिळतात, १५० गॅलनचा एक आणून तळघरात ठेवला. तळघरात हिवाळाभर १५-१६ अंश असतात. ऑगस्टपासूनच एक जास्तीचा स्पंज फिल्टर तळ्यात सोडून ठेवायचा, म्हणजे त्यात जिवाणू वस्ती करतात. मी आईला हे सगळं चक्र समजावून सांगत होतो, नायट्रोजन, जिवाणू, चार ते सहा आठवडे. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे विरजण." बास. माझी पंधरा मिनिटं तिने एका शब्दात गुंडाळली. नव्या दुधाला जुन्या दह्याचं विरजण लावल्याशिवाय दही लागत नाही, तसंच.

बाहेरचं पाणी १० ते १२ अंशांवर आलं की मासे काढायचे, बर्फाची वाट बघत बसायचं नाही. पाणी थंड होत जाईल तसं खाणं कमी करायचं, १० च्या खाली पूर्ण बंद, कारण थंडीत त्यांचं पचन जवळजवळ थांबतं. हौद आधी पंपाने तळ्याच्याच पाण्याने भरायचा, म्हणजे मासे आत आले तरी पाणी तेच आणि तापमान तेच. मग ते तळघराच्या हवेने आपोआप, दोन-तीन दिवसांत, हळूहळू चढतं. स्पंज ओलाच न्यायचा, नळाखाली धुवायचा नाही. हौदावर जाळी हवी, नव्या जागी पहिल्या रात्री मासे उडी मारतात. नंतर पाणी बदलताना क्लोरामाइनचं औषध घालायचं. आणि अमोनियाची चाचणी पहिले दोन आठवडे रोज. थेंब टाकायचे, पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर लगेच पाणी बदला.

चाचणीचा आकडा वहीत. बाबांचा नियम: "विशेषण लिहायचं नाही. चांगलं, ठीक, मजेत, हे शब्द वहीत नकोत. आकडा लिही."

त्या हिवाळ्यात सातही जगले. दर रविवारी बाबा विचारायचे, मी आकडा सांगायचो. अमोनिया शून्य, तापमान पंधरा.

२०२४ च्या उन्हाळ्यात ते आले नाहीत. म्हणाले, घराला रंग काढायचाय, यंदा राहू दे. मी विचारायचो, तब्येत कशी आहे? उत्तर यायचं, "मजेत." मला संशय यायला हवा होता. माझ्याच कारखान्यातला माल होता तो. पण आला नाही.

ऑगस्टमध्ये चुलतभावाचा फोन आला, भलत्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाला, "काका आता बरेच सावरलेत रे." मी म्हटलं, कशातून? पलीकडे एकदम शांतता.

जूनमध्ये पुण्याला अँजिओप्लास्टी झाली होती. दोन स्टेंट. आई एकटी दवाखान्याबाहेर बसली होती, आणि त्याच रविवारी माझ्याशी फोनवर आंब्यांबद्दल बोलली होती.

मी तिसऱ्या दिवशी सातारला पोचलो. फाटकातून शिरतानाच दिसलं, भिंतीवर जुनाच रंग, पावसाने पोपडे आलेला. बाबा अंगणात खुर्चीवर होते, बारीक झालेले. विमानात मी भांडणाची पूर्ण तयारी केली होती. मुद्दे काढले होते. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "तू चार मासे लपवलेस. मी दोन स्टेंट लपवले. फिट्टंफाट."

मी हसलो, आणि मग त्या उंबऱ्यावर बसून बराच वेळ रडलो. आई पाणी घेऊन आली आणि दोघांनाही रागावली. तिचं म्हणणं, तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून सगळी काळजी मी एकटीने करायची का?

परदेशात राहणाऱ्या आपल्या पिढीने यावर थोडा विचार करायला हवा असं वाटतं. इकडून आपण सांगत नाही की नोकरी डळमळीत आहे, झोप लागत नाही, पोर आजारी आहे. कारण ते तिकडे बसून काय करणार? तिकडून ते सांगत नाहीत की छातीत दुखतंय, पडलो, दवाखान्यात होतो. कारण आपण इकडे बसून काय करणार? दोन्ही बाजूंनी प्रेम खरं, आणि दोन्ही बाजूंना मिळणारी माहिती खोटी. वर आपण म्हणतो, दर आठवड्याला बोलणं होतं. होतं ना, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यासारखं. चाचणीचे थेंब कुणी टाकत नाही एवढंच.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही तह केला. दर शनिवारी इकडून हौदाचे आकडे जायचे, तिकडून बाबांचे यायचे. वरचा रक्तदाब, खालचा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, किती पावलं चाललो. विशेषणं बंद. चुकीचा आकडा दिला तर रेघ मारून दुरुस्त करायचा, लपवायचा नाही. माझ्या बाजूने आईने एक कलम वाढवलं: हौदाबरोबर माझी झोप किती तास, तेही लिहायचं. मी कुरकुर केली. बाबा म्हणाले, "सही कर."

तेव्हापासून चालू आहे. सगळे आकडे चांगले असतात असं नाही. या मार्चमध्ये एकदा बाबांनी १६८ लिहिलं आणि खाली काहीच लिहिलं नाही. मी लगेच फोन केला, डॉक्टरकडे जायला लावलं, गोळी बदलली. अशी एक वेळ मला पुरे आहे. बाकी शनिवारी नुसती वही भरली तरी चालेल.

डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला अजून हो म्हटलेलं नाही. बाबा येतील का, पुन्हा त्या खुर्चीत बसतील का, माहीत नाही. मी तळ्याशेजारची खुर्ची मात्र हिवाळ्यात आत घेतो, माशांबरोबर.

हां, तर मुकादम. अर्धा तास त्याने मला खेळवलं. जाळं डावीकडून नेलं की हा उजवीकडून, दगडाखालून. शेवटी लेकीने बूट काढले, बायकोचा खिडकीतून आरडाओरडा चालू असताना पाण्यात उतरली, आणि दुसरं जाळं समोरून धरलं. सापडला. एक फुटाला दोन बोटं कमी. पाठीवरचा नारिंगी रंग जरा फिका पडलाय, शेपटीचं पांढरं टोक तसंच.

तळघरात सगळे सोडले, जाळी लावली, थेंब टाकले. लेकीने वहीत लिहिलं. आता वही तीच लिहिते, मराठी आकड्यांत, आजोबांना वाचता यावं म्हणून. (आजोबांना इंग्रजी आकडे उत्तम वाचता येतात, पण ते तिला सांगायचं नाही असं ठरलंय. तेवढं एक लपवणं तहात बसतं.)

नऊला फोटो पाठवला. सातारला संध्याकाळचे साडेसात.

मासे सात. तापमान ११. अमोनिया शून्य. झोप साडेपाच तास.

दोन मिनिटांत उत्तर आलं. १३४, ८२. साखर ११२. पावलं ४१००. आणि खाली एक ओळ: "साडेपाच कमी आहे. मुकादमाला विचार, तो किती झोपतो."